एअर बॅगेत हवा किती? आधी टेप लावा, मग मीटर

दादा, तुमचा प्रश्न असा: पाट्याची (लीफ स्प्रिंगची) पिकअप, माल भरल्यावर पाट्यांना आधार म्हणून मागच्या एक्सलवर हवेच्या दोन बॅगा बसवून घेतल्या. फिटरनं सांगितलं, "दोन्हीकडं ६० मारून ठेवा, परत बघायलाच नको." रोज खानापूरहून बेळगावला भाजी, येताना गाडी रिकामी, आणि रिकामी गाडी मागून टणाटण उडते. लग्नसराईत जनरेटरची ट्रॉली ओढायची, कधी चोर्ला घाटातून गोव्यापर्यंत. तर रोजला किती ठेवायची आणि ट्रॉलीला किती?

तुम्हाला ६० कुणी सांगितलं, मला कुणी ३० सांगेल, दोन्ही अंदाजच. मागं किती वजन आलं आणि त्यानं गाडी किती बसली, यावर हवा ठरते. ते मीटरवर दिसत नाही, टेपवर दिसतं.

गाडी सपाट जागी लावा. बॅगेत किमान हवा ठेवा. पाट्यावरच्या बहुतेक किटना ती ५ पीएसआय (मीटरवरचा हवेच्या दाबाचा पॉइंट) असते आणि कमाल १००. कॉइल स्प्रिंगच्या आत बसणारी छोटी बॅग असेल तर कमाल ३५च्या आसपास. किटबरोबर आलेला कागद बघा, त्यावरचा आकडा खरा. आता चारही चाकांच्या मधोमधपासून वर मडगार्डच्या काठापर्यंतची उंची मोजून लिहून ठेवा. पुढची दोन चाकंसुद्धा मोजा, का ते पुढं येईल. मग माल भरा, गाडी चार हात मागं-पुढं घ्या म्हणजे पाटे मोकळे होतील, आणि परत मोजा. समजा मागं तीन इंच बसली. एकेका बाजूला ५-५ नं हवा वाढवत जा, प्रत्येक वेळी गाडी हलवा, मोजा. रिकाम्या उंचीच्या अर्धा-एक इंच खाली आली की थांबा. त्याच्या वर एक पॉइंटही नको. मीटर दाखवेल तो तुमचा त्या मालाचा आकडा. रंगाऱ्याची चिकटपट्टी घेऊन डिझेल टाकीच्या झाकणाच्या आत लिहून टाका.

हे पेट्रोल पंपावरच्या नळीनं करू नका. बॅगेत हवा मावतेच किती? पंपाची नळी क्षणभर दाबली की १५चे ४० होतात. सायकलचा पायपंप बेस्ट. आणि रोज उठून मीटर लावायची हौस नको. प्रत्येक 'फुस्स'ला दोन-तीन पॉइंट जातात. टायरला त्याचं काही वाटत नाही, बॅगेला वाटतं.

रोजच्या धंद्याला जाताना भरलेली, येताना रिकामी, आणि मधे हवा सोडत बसायला वेळ कुणाला आहे? म्हणून रोजला टेपनं 'लेव्हल' शोधू नका. पाटे कंपनीनं माल धरूनच बनवलेत, भरलेली गाडी थोडी बसणारच. भरलेल्या गाडीत खड्ड्यात मागं खाली ठोकत नाही, एवढी कमीत कमी हवा ठेवा. ठोकतंय का हे कळायला सोपं आहे: बफरच्या रबराला (एक्सल चासीवर आपटू नये म्हणून असतो तो ठोकळा) चुन्याचं एक बोट लावा आणि बेळगावला जाऊन या. समोरच्या पट्टीवर पांढरा डाग उठला तर ५ वाढवा, नाही उठला तर ५ कमी करून बघा. किट बसवताना बफर काढून त्या जागी बॅग आली असेल तर किमान हवेच्या खाली कधीच जाऊ नका. मग ठोका बॅगेवरच बसतो, रबर दुमडून चिमटतं आणि फाटतं. रिकाम्या गाडीत ६० ठेवून चोर्ल्याच्या वाटेवर जांबोटी-कणकुंबीच्या पावसात वळणावर मागचं चाक उडालं, की पकड गेलीच म्हणून समजा.

आता ट्रॉली. इथं बरेच जण फसतात. हूकवर वजन आलं, मागची बाजू बसली, हवा मारली, गाडी सरळ दिसली, झालं! झालं काहीच नाही. हूक मागच्या एक्सलच्या मागं असतो. हिशेब करा: दोन एक्सलमधलं अंतर ३ मीटर, हूक मागच्या एक्सलपासून १.२ मीटर. हूकवर १०० किलो टेकले की मागच्या एक्सलवर १४० वाढतात आणि पुढच्यावरचे ४० उठतात. हवा मारून मागचा भाग वर घेतलात तरी ते ४० किलो पुढं परत येत नाहीत. स्टीअरिंग हलकं ते हलकंच. म्हणून पुढच्या मडगार्डची उंची मोजायला सांगितली. ट्रॉली जोडल्यावर पुढून गाडी चांगलीच उचललेली दिसली तर त्याचा इलाज बॅगेत नाही, ट्रॉलीत माल कुठं ठेवलाय त्यात आहे. बैलगाडी भरणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही, मागं भरली की उलाळते, पुढं भरली की धुरजड होते. ट्रॉलीच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के हूकवर यावं. ८०० किलोची असेल तर ८० ते १२०. त्याहून कमी झालं तर ट्रॉली मागं शेपटी हलवते, आणि उतारावर ते फार वाईट. जनरेटर जागचा हलत नसेल तर डिझेलचे कॅन आणि केबलची बंडलं पुढं-मागं करा. एकदा काट्यावर ट्रॉली सोडवून फक्त पुढची टेक ठेवून वजन घ्या, दोन मिनिटांचं काम.

ते जमलं, की मग वरचीच टेपची पद्धत, ट्रॉली जोडून.

ब्रेकचं मात्र नीट ऐका. पुष्कळ पिकअपना मागच्या एक्सलपासून चासीवरच्या एका वॉल्व्हला सळई जोडलेली असते. गाडी बसली की सळई फिरते, वॉल्व्हला कळतं की माल आहे, मग तो मागच्या ब्रेकला जास्त प्रेशर सोडतो. तुम्ही हवा मारून गाडी पूर्ण वर आणली की वॉल्व्हला वाटतं, गाडी रिकामी आहे. माल टनभर, मागचा ब्रेक रिकाम्या गाडीचा! चोर्ल्यातून गोव्यातल्या साखळी गावाकडं उतरताना सगळा भार पुढच्या ब्रेकवर, वर ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नाही. 'अर्धा-एक इंच खाली थांबा' म्हटलं ते मुख्यतः यासाठी. खाली वाकून बघा, सळई असेल तर ब्रेकचं काम जाणणाऱ्या मेकॅनिककडून सेटिंग तपासून घ्या. नव्या गाड्यांत ईबीडी (पुढच्या-मागच्या ब्रेकचं प्रेशर इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं वाटणारी यंत्रणा) असेल तर ही सळई बहुधा नसते.

हवेनं गाडीची ताकद वाढत नाही हेही आलंच. आरसीवर जे भरलेलं वजन लिहिलंय तेच, आणि ट्रॉलीचं हूकवरचं वजन त्यातच धरायचं. टायर आणि एक्सल तेच आहेत ना.

दोन्ही बॅगा एकाच नळीवर टी लावून जोडल्या असतील तर वेगळ्या करून घ्या. वळणात बाहेरच्या बॅगेवर दाब आला की हवा आतल्या बॅगेत पळते आणि गाडी जास्तच झुकते. वेगळ्या असल्या की एका बाजूला बटाट्याची पोती जास्त झाली तरी तेवढीच बाजू सांभाळता येते. रात्रीत हवा उतरत असेल तर जोडांना साबणाचं पाणी लावा, बहुतेक वेळा नळीचं टोक तिरकं कापलेलं असतं. चासीला जॅक लावून मागचं चाक उचलणार असाल तर आधी हवा ५ वर आणा, नाहीतर एक्सल लटकतो आणि बॅग ताणली जाते.

तुम्ही टाकलेल्या फोटोत डाव्या बाजूची नळी सायलेन्सरच्या पाइपाला जवळजवळ टेकलीय. हवेचं नंतर बघू, ती आज हलवून घ्या.