कुस्ती खेळणाऱ्या मुलाला पुन्हा पुन्हा गजकर्ण होतंय, स्पर्धा तोंडावर आहे, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की मुलगा अकरावीत आहे, शाळेच्या कुस्ती संघात आहे, मानेवर आणि जांघेत गोल चट्टे आहेत. मेडिकलवाल्यानं दिलेली ट्यूब लावली की आठवड्यात जातात, बंद केली की दुपटीनं उठतात. आता धाकटीच्या पोटावरही एक आलाय. सर म्हणतात पट्टी लावून खेळू दे, कारण खेल महाकुंभ, म्हणजे गुजरात सरकारची क्रीडास्पर्धा, जवळ आलाय. मी वडोदऱ्यातच त्वचारोगांची डॉक्टर आहे, शाळकरी खेळाडू माझ्याकडे बरेच येतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ताई, पहिलं उत्तर सरळ देते. आत्ता त्याला मॅटवर उतरू देऊ नका, आणि पट्टीवर तर मुळीच विसंबू नका. कुस्तीत घाम आणि घासाघीस इतकी असते की पहिल्या दोन-चार पकडींतच पट्टी सुटते. ती टिकली तरी उपयोग नाही, कारण गजकर्ण बुरशीमुळे होतं आणि ती बुरशी चट्ट्याच्या कडेपाशी थांबत नाही. डोळ्यांना स्वच्छ दिसणाऱ्या आजूबाजूच्या कातडीतही ती पसरलेली असते. म्हणूनच आम्ही मलम चट्ट्याच्या बाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत लावायला सांगतो.

आता ती ट्यूब हातात घ्या आणि मागची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल, बेटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन यांतलं एखादं नाव दिसलं तर ते स्टिरॉईड आहे. बहुतेकदा त्याच ट्यूबमध्ये बुरशीचं एक औषध आणि जेंटामायसिन किंवा निओमायसिनसारखं अँटिबायोटिकही कोंबलेलं असतं. स्टिरॉईडनं खाज आणि लाली दोन-तीन दिवसांत बसते, घरच्यांना वाटतं गुण आला. खरं तर त्यानं त्या जागची प्रतिकारशक्ती दाबलेली असते आणि बुरशी खाली निवांत वाढत असते. अशा चट्ट्याचं रूपही बदलतं. नेहमीच्या गजकर्णाला उंच, खवलेदार कड असते आणि मधला भाग साफ होत जातो. स्टिरॉईड लावलेल्यात कड्याच्या आत आणखी एक कडं दिसतं, किंवा कड इतकी पुसट होते की शिक्षकाच्या नजरेला ती लागतच नाही. शिवाय जांघेत ही मलमं महिनोन् महिने लावली तर कातडी पातळ होऊन ताणाच्या लाल रेघा उमटतात. पुढे त्या पांढुरक्या पडतात, पण जात नाहीत. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांच्या मांड्यांवर त्या बघताना मला फार वाईट वाटतं. २०१८ साली सरकारनं त्वचेला लावायची अनेक स्टिरॉईडं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला, तरी ती काउंटरवर सर्रास मिळतात.

गेल्या काही वर्षांत आपल्या देशात गजकर्ण इतकं चिवट का झालं, याचं आणखी एक कारण आहे. ट्रायकोफायटन इंडोटिनी नावाची बुरशी आता भारतभर पसरली आहे. हे नाव तिला २०२० मध्ये मिळालं. पूर्वी टर्बिनाफिन या बुरशीच्या ज्या औषधावर आम्ही डोळे मिटून भरवसा ठेवायचो, त्याला यातले बरेच वाण दाद देत नाहीत. त्यामुळे शेजारच्या मुलाला जी गोळी लागू पडली ती तुमच्या मुलाला पडेलच असं नाही. कुठली गोळी, किती दिवस, हे डॉक्टरांना बघून ठरवू द्या. काही गोळ्या इतर औषधांबरोबर चालत नाहीत, काहींसाठी यकृताची तपासणी करावी लागते. एवढं मात्र धरून चाला की उपचार काही आठवड्यांचा आहे आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही मलम साधारण दोन आठवडे चालू ठेवायचं आहे. लसूण वाटून लावू नका. लसणानं भाजलेली कातडी घेऊन येणारी मुलं मी पाहिली आहेत. लिंबू, टूथपेस्ट, डेटॉलचं पाणी यांचीही गरज नाही.

घरातलं मनापासून करा, कारण अर्धी लढाई तिथे आहे. धाकटीला त्याच दिवशी दाखवा आणि बाकीच्यांचीही अंगं तपासून घ्या. एकाला औषध आणि दुसऱ्याला नाही, असं झालं की बुरशी घरातच फिरत राहते. प्रत्येकाचा टॉवेल वेगळा, अंथरुण शक्यतो वेगळं. मुलाचे सरावाचे कपडे, लंगोट, मोजे वेगळ्या बादलीत कडकडीत गरम पाण्यानं धुवा आणि उलटे करून उन्हात वाळवा. पावसाळ्यात इथे कपडे दोन-दोन दिवस दमट राहतात, तेव्हा चड्डीच्या शिवणींवरून इस्त्री फिरवा. ओले कपडे किट बॅगमध्ये कोंबून स्कूटरच्या डिकीत संध्याकाळपर्यंत ठेवायची सवय आधी मोडा. सराव संपला की घरी येईपर्यंत थांबू नये, शक्य असेल तर तिथेच साबण लावून अंघोळ करावी आणि जांघा, काखा, बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसाव्यात. घट्ट सिंथेटिक कपडे दिवसभर अंगावर नकोत. नवरात्रानंतर माझ्या ओपीडीत गजकर्णाची जी गर्दी होते ती घामात तासन् तास भिजलेल्या गरब्याच्या कपड्यांमुळेच, आणि त्यात खेळाडू मुलंमुलीही असतात.

पण मला सगळ्यांत जास्त बोलायचंय ते शाळेबद्दल. तुमच्या मुलाला हे बहुधा संघातूनच आलं आहे, आणि तो बरा होऊन परत गेला तरी तिथे कुणीतरी चट्टा लपवून खेळत असेल. मुलं लपवतात कारण दाखवलं की जागा जाते. ज्याला बाहेर बसवलं त्याच्या जागी दुसरा आला आणि परत घेतलंच नाही, हे एकाचं झालं की बाकीचे शहाणे होतात. मग पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट, मानेवर पावडर, आणि आईपासूनही लपवाछपवी. म्हणून सरांकडे माझी एकच विनंती पोचवा: जो स्वतःहून दाखवेल त्याची जागा राखून ठेवा, आणि हे सगळ्या मुलांसमोर सांगा. एवढ्या एका वाक्यानं जो फरक पडतो तो कुठल्याही औषधानं पडत नाही.

त्याच्या जोडीला रोजची तपासणी हवी. सरावाआधी मुलांना खिडकीच्या उजेडात रांगेत उभं करायचं, शर्ट काढायला लावायचा आणि मान, कानांच्या मागे, जबड्याखाली, हातांची आतली बाजू, पाठ, डोक्यातले केस बघायचे. एका मुलाला अर्धं मिनिटही लागत नाही. जांघेचं मुलांनी स्वतः सांगावं, त्यासाठी त्यांना कुणी हसणार नाही याची खात्री हवी. मुलींची तपासणी बाईंनी आडोशाला करावी. दांडिया बाजारच्या जुम्मादादा व्यायाम मंदिरासारख्या आखाड्यांची परंपरा आपल्या गावात आहे, शिस्त शिकवावी लागेल असं हे गाव नाही. फक्त त्या शिस्तीत कातडीकडे बघणंही आलं पाहिजे. आणि शाळेकडे कॉस्ट्यूम मोजकेच असतात, म्हणून एकाची कुस्ती संपली की घामानं ओला कॉस्ट्यूम दुसरा चढवतो, हे ताबडतोब बंद व्हायला हवं. पालकांनी वर्गणी काढावी, पण प्रत्येकाला स्वतःचा घ्यावा.

मॅट रोज पुसायची. नुसत्या झाडूनं किंवा व्हरांड्याच्याच पोछ्यानं नाही. आधी साबणाच्या पाण्यानं घाम-धूळ काढायची, मग एक भाग ब्लीच आणि शंभर भाग पाणी असं त्याच दिवशी केलेलं द्रावण लावून दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं, मग पुसून वाळवायचं. मॅटवर ब्लीच चालतं का, हे ती बनवणाऱ्याच्या सूचनांत बघून घ्या. ब्लीचमध्ये फिनाईल किंवा संडास साफ करायचं ॲसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. मातीच्या हौद्यात हा धोका नाही असंही समजू नका. कातडीला कातडी घासली जाते तिथे माती असो वा मॅट, बुरशी जातेच.

अमेरिकेत शालेय कुस्तीला याचे लिखित नियम आहेत. अंगावरच्या गजकर्णावर किमान ७२ तास आणि डोक्यातल्यावर १४ दिवस उपचार झाल्याशिवाय, डॉक्टरांच्या सहीच्या फॉर्मशिवाय मुलाला उतरता येत नाही. त्यांना हे धडे महागात मिळाले. १९८९ मध्ये मिनेसोटा राज्यातल्या शाळकरी मल्लांच्या एका शिबिरात १७५ पैकी ६० मुलांना नागिणीसारख्या फोडांचा संसर्ग झाला. ज्या हर्पिस विषाणूनं ओठांवर बारीक फोड येतात त्याचाच तो होता, आणि पुरळ असलेल्या जोडीदाराशी लढलेल्यांना तो जास्त झाला होता. २००७ मध्ये त्याच राज्यात याच आजारामुळे शाळांच्या कुस्त्या आठ दिवस बंद ठेवाव्या लागल्या. आपल्याकडची बुरशी बघता ७२ तास मला फार कमी वाटतात. खवलं पूर्ण गेलेली आणि खरवडून घेतलेल्या नमुन्यात सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी नाही, एवढं झाल्यावरच मी मुलाला चिठ्ठी देते.

तपासणीत सगळंच गजकर्ण नसतं, हेही सरांच्या कानावर घाला. मधासारख्या पिवळट खपल्या असतील तर तो जिवाणूंचा संसर्ग आहे आणि झपाट्यानं पसरतो. लाल, गरम, दुखणारं गळू फोडायचं नाही. चेहऱ्यावर किंवा मानेवर बारीक फोडांचा घोस, सोबत ताप आणि मानेत गाठी असतील तर मुलाला त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. फोड डोळ्याजवळ असतील तर रात्र झाली तरी थांबू नका, नजरेला धोका असतो.

स्पर्धेचं म्हणाल तर दोन-तीन आठवडे हातात असतील तर आशा आहे, त्याहून कमी असतील तर यंदाची सोडायची तयारी ठेवा. ज्याच्याशी तो लढेल त्याच्या घरीही एखादी धाकटी बहीण असेलच, तिच्यापर्यंत हे जायला नको. तोवर त्याला घरी बसवू नका. धावणं, दंड-बैठका, स्वतःची दोरी, सगळं चालेल. मल्लखांब नको, तिथे एकाच लाकडावर सगळे अंग घासतात.

आजच ती ट्यूब बंद करा. काही दिवस खाज आणि लाली वाढेल, घाबरून पुन्हा लावू नका. एक-दोन दिवसांतच सयाजी हॉस्पिटलच्या त्वचारोग ओपीडीत किंवा तुमच्या ओळखीच्या त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. जाताना आतापर्यंत वापरलेल्या सगळ्या ट्यूब आणि गोळ्यांची पाकिटं बरोबर घ्या, धाकटीलाही न्या. तोपर्यंत चट्ट्यांवर काहीही लावू नका, कारण मलम लावलेल्या जागेवरून घेतलेल्या नमुन्यात असलेली बुरशीही पुष्कळदा सापडत नाही.