टपरीवाला नंबर ठरवतो का?

प्रश्न : देवगड एसटी स्टँडजवळच्या टपरीवरून मी दर दिवाळीला राज्य लॉटरीचं तिकीट घेतो. आमचे भावोजी म्हणतात, "नंबर दुकानदारच ठरवतात." सोडतीवर लक्ष कोण ठेवतं?
– एक वाचक, देवगड

उत्तर : टपरीवाल्याच्या हातात फक्त तिकीट विकणं, भावोजींना सांगा. लॉटरी राज्यांच्या असल्या तरी त्यांचा कायदा केंद्राचा, १९९८ चा. आपली महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ पासूनची. कायदा म्हणतो, तिकिटावर राज्याची मुद्रा हवी, सोडत राज्य सरकारनेच आणि राज्याच्या हद्दीतच काढायची. एकाच आकड्यावर बक्षीस, म्हणजे मटक्याचा सख्खा भाऊ, चालत नाही. बंपर, म्हणजे मोठ्या बक्षिसाच्या सोडती, वर्षाला सहापेक्षा जास्त नाहीत.

मी रत्नागिरीच्या ट्रेझरीत जन्म काढला, त्यामुळे मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच : विक्रीचा पैसा राज्याच्या लोकलेख्यात, म्हणजे सरकारी खात्यात, भरावा लागतो. एकदा पैसे भरल्याचं चलन झालं की कागद बोलतो. आणि न नेलेलं बक्षीस? तेही सरकारचंच, एजंटाचं नव्हे.

माझं एक तिकीट गणपतीच्या गडबडीत शर्टाच्या खिशात राहिलं. धुण्याच्या दगडावर त्याचा असा लगदा झाला की शेवटचा आकडा ३ की ८, यावर घरात अजून वाद आहे. तेव्हा तिकीट डब्यात ठेवा.

दहा हजारांवरच्या बक्षिसातून तीस टक्के कर आधीच कापला जातो. मात्र "आधी फी भरा, मग बक्षीस" असा मेसेज आला, तर तो भामट्याचा. थेट १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा.