वाचक विचारतात: जुन्या फोर बाय फोरचं स्टेअरिंग लूज झालंय, नेमकं बघायचं कुठे?

प्रश्न: नमस्कार दादा. माझ्याकडे जुनी फोर बाय फोर आहे, पुढे-मागे दोन्हीकडे सॉलिड अॅक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच सलग दांडा), चारही बाजूंना पाटे (लीफ स्प्रिंग), पॉवर स्टेअरिंग आहे. सरळ रस्त्यावर स्टेअरिंग दोन-अडीच इंच इकडेतिकडे हलवलं तरी गाडीला काही फरकच पडत नाही, सारखं सावरत बसावं लागतं. ब्रेक मारला की खालून 'टक' असा एकच आवाज येतो. आणि आता नवीनच सुरू झालंय, साठच्या आसपास स्पीडला एखादा खड्डा लागला की पुढची दोन्ही चाकं जोरात थरथरायला लागतात, हातातून स्टेअरिंग सुटेल असं वाटतं. गॅरेजवाल्याने स्टेअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळून दिला, त्याने प्ले, म्हणजे हा रिकामा हेलकावा, थोडा कमी झाला पण आता वळणावरून स्टेअरिंग आपोआप सरळ येत नाही, ओढून आणावं लागतं. आता नवीन बॉक्स टाकायला सांगतोय. टाकू का?

उत्तर: थांबा, बॉक्स आत्ता घेऊ नका. आणि सगळ्यात आधी तो स्क्रू होता तिथे परत आणा, कारण वळणावरून स्टेअरिंग परत न येणं हे प्लेपेक्षा जास्त धोक्याचं आहे. या जुन्या बॉक्समध्ये आतले गिअर मुद्दामच असे बनवलेले असतात की चाकं सरळ असताना, म्हणजे बरोबर मध्यावर, ते सगळ्यात घट्ट बसतात आणि दोन्ही बाजूंना वळवलं की थोडे सैल होतात. स्टेअरिंग अर्धवट वळलेलं असताना कोणी तो स्क्रू आवळला तर मध्यावर आल्यावर गिअर एकमेकांत अडकतात. मग प्ले गेल्यासारखा वाटतो पण खरं तर बॉक्स जाम झालेला असतो, आणि असंच चालवत राहिलात तर चांगला बॉक्सही खराब होईल.

स्टेअरिंगच्या चाकापासून टायरपर्यंत मोजलेत तर आठ-नऊ जोड सापडतील. कॉलमचा खालचा जॉइंट, बॉक्स, पिटमन आर्म (बॉक्समधून निघणारा हात), ड्रॅग लिंकची (त्या हातापासून चाकाकडे जाणारा रॉड) दोन टोकं, टाय रॉडची (दोन्ही चाकांना एकमेकांशी जोडणारा रॉड) दोन टोकं, मग किंग पिन किंवा बॉल जॉइंट (ज्यावर चाक डावी-उजवीकडे वळतं), शेवटी व्हील बेअरिंग. प्रत्येकात थोडा थोडा प्ले असला तरी वर हातात येईपर्यंत तो सगळा मिळून दोन-अडीच इंच होतो. त्यामुळे 'कुठला पार्ट खराब आहे' असं विचारून लगेच उत्तर मिळत नाही, हात फिरतोय पण पुढे काय काय हलत नाहीये हे बघत बघत जावं लागतं.

हे बघायला एक मदतनीस आणि मोकळी, सपाट जागा पुरते. गाडी जॅकवर अजिबात चढवू नका, चाकं जमिनीवरच पाहिजेत कारण जोडांवर वजन आणि रस्त्याची पकड असतानाच खरा प्ले दिसतो. हँडब्रेक लावा, गिअर न्यूट्रलला, मागच्या चाकांना दोन्हीकडून ओट (ठोकळे किंवा दगड) लावा, इंजिन चालू करा. मदतनीसाला सांगा की स्टेअरिंग घड्याळातल्या ११ ते १ एवढंच डावी-उजवीकडे सारखं हलवत राहा, त्याहून जास्त नाही. तुम्ही बाजूने खाली वाकून बघा, बोटं कुठल्याही सांध्याच्या फटीत घालायची नाहीत.

सुरुवात वरून करा. कॉलमचा शाफ्ट बॉक्समध्ये जातो तिथे वरचा भाग फिरतोय आणि खालचा नंतर फिरतोय का? असेल तर तो कपलिंगचा रबर किंवा जॉइंट गेलाय. मग बॉक्सची बॉडी बघा, आतलं काही नाही, नुसती बॉडी. ती चेसीवर हलते का? जुन्या गाड्यांत हा प्रकार बराच होतो, बोल्ट ढिले झालेले असतात किंवा बोल्टांच्या भोकांच्या आसपास चेसीलाच चीर गेलेली असते, ती चिखल आणि ग्रीसच्या थराखाली दिसत नाही म्हणून आधी ब्रशने घासून साफ करा आणि मगच बघा. चीर दिसली तर गाडी तिथेच थांबवा, नुसतं वरून वेल्डिंग मारून चालवू नका, चीर पूर्ण उघडून वेल्ड करून वर पट्टी लावावी लागते.

त्यानंतर ड्रॅग लिंक आणि टाय रॉड. इथे डोळ्यापेक्षा हात जास्त सांगतो. पंजा जोडावर असा ठेवा की अर्धा तळवा रॉडच्या टोकावर आणि अर्धा आर्मवर येईल. मदतनीस स्टेअरिंग हलवतोय तेव्हा दोन्ही भाग एकदमच हलले पाहिजेत. जोड संपलेला असेल तर आधी रॉड हलतो, मग हाताला बारीकसा 'टिक' लागतो आणि त्यानंतर आर्म हलतो. एक मात्र लक्षात ठेवा, टाय रॉड हाताने पुढे-मागे गोल फिरवला तर थोडा फिरणारच, तो प्ले नाही, जोड तसाच बनलेला असतो. रॉडच्या सरळ रेषेत किंवा वर-खाली खटखट लागली तरच तो बदलायचा.

इथपर्यंत सगळं ठीक निघालं तर मग बॉक्सकडे या. आत जाणारा शाफ्ट फिरतोय आणि खालचा पिटमन आर्म उशिरा हलतोय असं दिसलं तरच दोष बॉक्समध्ये आहे. तरीही आधी पिटमन आर्मचा मोठा नट तपासा, तो ढिला असला तरी अगदी असंच दिसतं. मग स्क्रू सेट करायचा, चाकं सरळ ठेवून, ड्रॅग लिंक सोडवून, लॉक नटवर पेंटने खूण करून, एका वेळी फेऱ्याचा फक्त आठवा भाग. दर वेळी स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून बघा, मध्यावर जड लागलं की मागे या. अशा बॉक्सच्या जुन्या गाडीत स्टेअरिंगच्या कडेवर साधारण इंचभर प्ले राहतोच, मॅन्युअलमध्ये जो आकडा दिलाय तो धरा, अगदी शून्य करायच्या मागे लागू नका.

आता चाकं. पुढचं एक एक चाक उचला, अॅक्सलखाली स्टँड लावा, नुसत्या जॅकच्या भरवशावर राहू नका. टायर वर आणि खाली धरून एक हात ढकला, एक ओढा. खटखट लागली तर कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत तेच करा. ब्रेक दाबल्यावर खटखट गेली तर व्हील बेअरिंग, तशीच राहिली तर किंग पिन किंवा बॉल जॉइंट. एवढी साधी टेस्ट आहे आणि अंदाजाने पार्ट बदलण्यात लोक किती पैसे घालवतात बघून खरंच वाईट वाटतं. टायर डावी-उजवीकडे धरून हलवल्यावर प्ले लागला आणि वर-खाली लागला नाही तर परत टाय रॉडकडे जा.

तुमचा ब्रेकचा 'टक' मात्र स्टेअरिंगमधला नसावा असं मला वाटतंय. ब्रेक लागला की अॅक्सल चाकांबरोबर पुढे फिरायचा प्रयत्न करतो, त्याला धरून ठेवायचं काम पाट्यांचं आणि यू-बोल्टचं (पाटे अॅक्सलला आवळून धरणारे बोल्ट). पाट्याच्या डोळ्यातला (टोकाच्या गोल भोकातला) बुश झिजलेला असेल किंवा यू-बोल्ट ढिले असतील तर अॅक्सल आधी किंचित सरकतो आणि मग अडकतो, तोच एकदाच येणारा आवाज. टॉमी (लोखंडी दांडा) घालून पाट्याचा डोळा हलवून बघा. बोल्टाच्या डोक्याभोवती लालसर भुकटी दिसली किंवा धातू घासून चकचकीत झालेला दिसला तर तिथे नक्की हालचाल होतेय. मग टेप घ्या आणि पाट्याच्या फिक्स टोकाच्या बोल्टपासून अॅक्सलच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजा. दोन्हीत चांगला फरक आला तर एका बाजूचा सेंटर बोल्ट (पाट्यांच्या मधून जाऊन अॅक्सल जागेवर ठेवणारा) तुटून अॅक्सल सरकलाय, आणि तसं झालं की अॅक्सल तिरका बसतो आणि गाडी एका बाजूला ओढते, तेही लोक स्टेअरिंगच्याच खात्यावर टाकतात.

राहिली ती थरथर. सॉलिड अॅक्सलच्या गाडीला एका चाकाचा हिसका टाय रॉडमधून थेट दुसऱ्या चाकाला जातो, आणि मधले जोड सैल असले की हा हिसका विरत नाही, उलट वाढत जातो. खड्डा हे निमित्त असतं, कारण सैल जोड, बॅलन्स नसलेले टायर आणि कमी झालेला कॅस्टर (किंग पिनचं वरचं टोक मागे झुकलेलं असतं तो कोन). रस्त्यात असं झालं तर स्टेअरिंग दोन्ही हातांनी धरा पण त्याच्याशी झटापट करू नका, अॅक्सिलरेटर सोडा, गाडी हळूहळू कमी करत बाजूला थांबवा. हे सगळे जोड ठीक होईपर्यंत ती गाडी मोठ्या रस्त्यावर काढू नका ही माझी कळकळीची विनंती आहे.

प्रश्न: आमच्याही गाडीला अशीच थरथर होती. स्टेअरिंग डॅम्पर (स्टेअरिंगचे हिसके दाबणारा शॉक अॅब्झॉर्बर) नवीन टाकला आणि पूर्ण बंद झाली. म्हणजे प्रॉब्लेम डॅम्परचाच होता ना?

उत्तर: नाही हो. डॅम्पर हिसके दाबतो, तो सैल जोड घट्ट करत नाही. नवीन आहे तोवर तो आतला दोष झाकून ठेवेल आणि दोष तोपर्यंत वाढत राहील. तपासायचं असेल तर डॅम्पर एका बाजूने सोडवून बांधून ठेवा आणि रिकाम्या जागेत अगदी हळू चालवून बघा, चाकं आताच डुलायला लागली तर वर सांगितलेली सगळी तपासणी तुम्हालाही करायची आहे.

प्रश्न: मी मागच्या मालकाकडून लिफ्ट केलेली (उंची वाढवलेली) गाडी घेतली. पुढच्या पाट्यांना लांब शॅकल (पाट्याचं एक टोक चेसीला जोडणारी हलती कडी) लावलेत. सगळे टाय रॉड एंड, बुश, किंग पिन बेअरिंग नवीन आहेत, एकही प्ले नाही, तरी गाडी रस्त्यावर तरंगल्यासारखी जाते आणि खड्ड्यात स्टेअरिंग आपोआप वळतं. गॅरेजमध्ये सांगितलं सॉलिड अॅक्सलला अलाइनमेंट होतच नाही. खरं का?

उत्तर: अर्धं खरं. कॅम्बर (चाकाचं आत-बाहेर झुकणं) सेट करायची सोय सहसा नसते, पण टो (दोन्ही चाकं पुढून एकमेकांच्या जवळ की लांब) टाय रॉडवर सेट होतो आणि कॅस्टर पाट्याखाली पाचर घालून बदलता येतो. तुमचा दोष मला कॅस्टरमध्येच दिसतोय. शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असेल आणि तो लांब केला तर पाट्याचं पुढचं टोक खाली जातं, अॅक्सल त्याच्याबरोबर फिरतो, किंग पिनचं वरचं टोक पुढे झुकतं आणि कॅस्टर कमी होतो. कॅस्टरमुळेच चाक आपोआप सरळ येतं, तो गेला की गाडी तरंगते. त्यामुळे आधी शॅकल मूळ लांबीचे लावून बघा, पाचर घालायची वेळच येणार नाही कदाचित.

खड्ड्यात आपोआप वळतं त्याचं कारण वेगळं. गाडी वर उचलल्यामुळे ड्रॅग लिंक जास्त तिरकी झाली, म्हणून अॅक्सल वर-खाली झाला की तीच लिंक चाकाला ढकलते. पार्ट कितीही नवे असले तरी हे होणारच. लिंक जितकी आडवी येईल तितकं हे कमी होईल.

टो घरीच बघता येतो. दोन्ही पुढच्या टायरच्या मधोमध खडूने खूण करा, आधी पुढच्या बाजूला अॅक्सलच्या उंचीवर अंतर मोजा, मग गाडी पुढे ढकलून तीच खूण मागे त्याच उंचीवर आणा आणि परत मोजा. पुढचं अंतर मागच्यापेक्षा १ ते ३ मिलिमीटर कमी असलं की अशा बहुतेक गाड्यांना चालतं. आणि शेवटी स्टेअरिंगचं चाक तिरकं राहिलं तर ते काढून सरळ बसवू नका, ड्रॅग लिंकची लांबी कमी-जास्त करा, नाहीतर बॉक्स मध्यावर राहणार नाही.

प्रश्न: सगळे बुश आणि टाय रॉड एंड घरीच बदलतोय. काही खास काळजी?

उत्तर: रबरी बुश असतील तर पाट्यांचे आणि शॅकलचे बोल्ट गाडी चारही चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळा, हवेत आवळले तर रबर कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. यू-बोल्ट ताणलेले असतील तर नवेच घाला आणि काहीशे किलोमीटर चालवल्यावर परत आवळा, पाटे बसले की ते ढिले होतातच. टाय रॉड एंडचा निमुळता भाग आणि आर्ममधलं भोक दोन्ही कोरडं, स्वच्छ पुसून बसवा, तिथे ग्रीस नको. नट टॉर्कला आवळला आणि स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर नट अजून थोडा आवळून पुढची खाच जुळवायची, मागे सैल करून जुळवायची नाही, आणि काढलेली जुनी पिन परत वापरायची नाही.