वाचक विचारतात : पेन्शनचा पैसा येतो कुठून, अडतो कुठे?

प्रश्न : मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे, नेमणूक 2008 ची. जुनी पेन्शन दिली तर राज्य बुडेल, असं स्टाफरूममध्ये निम्मे लोक म्हणतात. बाकीचे विचारतात, आमदारांना मिळते मग आम्हाला का नाही? खरंच बुडेल का? (सांगली)

उद्या नाही बुडणार, आणि खरी पंचाईत तीच आहे. जुन्या पेन्शनमध्ये शेवटच्या पगाराच्या प्रमाणात ठरलेली रक्कम सरकार देतं, पण त्यासाठी कुठेही वेगळा निधी साठवलेला नसतो. आज निवृत्त असलेल्यांना आजच्याच महसुलातून पैसे जातात. 1 नोव्हेंबर 2005 पासून रुजू होणाऱ्यांसाठी राज्याने ही पद्धत थांबवली. आता तुमच्या बेसिक अधिक डीएतून 10 टक्के कापले जातात, सरकार त्यात 14 टक्के घालतं आणि ती रक्कम बाजारात गुंतवली जाते. हीच नवी योजना, म्हणजे एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना).

समजा, राज्य जुन्या योजनेवर परतलं. त्याच महिन्यापासून सरकारचे 14 टक्के वाचतात. बेसिक आणि डीए मिळून 60,000 रुपये असलेल्या एका कर्मचाऱ्यामागे महिन्याला 8,400. असे 1 लाख कर्मचारी धरले तर वर्षाला 1,008 कोटी. शिवाय त्यांचा जीपीएफ (सरकारी भविष्य निर्वाह निधी) कापायला लागला की तोही सरकारलाच वापरायला मिळतो. म्हणजे घोषणा करणाऱ्या अर्थमंत्र्याची तिजोरी रिकामी होत नाही, उलट थोडी फुगते. बिल येतं 2035 च्या पुढे, 2005 नंतरच्या भरतीची माणसं मोठ्या संख्येने निवृत्त होऊ लागली की. तेव्हा त्यांच्या नावावर काहीच साठलेलं नसेल. जुन्या योजनेचा एकूण भार नव्या योजनेच्या साडेचार पटीपर्यंत जाऊ शकतो, असा अंदाज रिझर्व्ह बँकेच्या 2023 च्या एका अभ्यासात मांडला होता.

राजस्थान, छत्तीसगड, झारखंड, पंजाब आणि हिमाचल प्रदेश यांनी 2022-23 मध्ये परतीची वाट धरली. काहींनी एनपीएसमध्ये जमलेली रक्कमही परत मागितली. कायद्यात तशी तरतूदच नाही, असं केंद्राने कळवलं.

महाराष्ट्रात जुन्या पेन्शनसाठी कर्मचाऱ्यांनी केलेल्या मार्च 2023 च्या संपानंतर समिती बसली आणि 25 ऑगस्ट 2024 ला राज्य मंत्रिमंडळाने केंद्राच्या धर्तीवरची एकीकृत पेन्शन योजना (यूपीएस) मान्य केली. यात कर्मचाऱ्याची कपात चालू राहते आणि पेन्शनची हमीही मिळते. आम्हाला ही तडजोड जुन्या योजनेपेक्षा बरी वाटते, कारण निदान काही पैसा आधी बाजूला पडतो. आमदारांच्या पेन्शनवरचा राग रास्त आहे, पण लाखो कर्मचाऱ्यांच्या बेरजेत तो आकडा दिसतही नाही.

प्रश्न : केंद्र सरकारच्या कार्यालयात आहे. यूपीएस निवडली आहे. 50 टक्के नक्की मिळतील ना? (नागपूर)

'नक्की'च्या मागे तीन अटी आहेत. सूत्र असं : शेवटच्या 12 महिन्यांच्या सरासरी बेसिकचा अर्धा भाग, गुणिले सेवेचे महिने भागिले 300, गुणिले तुमची प्रत्यक्ष जमा भागिले आदर्श जमा. तिसऱ्या गुणकाकडे लोकांचं लक्ष जात नाही. आदर्श जमा म्हणजे एकही हप्ता न चुकता, मधे काहीही न काढता आणि ठरीव गुंतवणूक पद्धतीत पैसे ठेवले असते तर जमली असती ती रक्कम.

सरासरी बेसिक 80,000, सेवा 22 वर्षं म्हणजे 264 महिने, आणि घरासाठी मधे पैसे काढल्यामुळे जमा आदर्शाच्या 90 टक्के, असं धरू. 40,000 चे सेवेच्या प्रमाणात 35,200 होतात आणि जमेच्या प्रमाणात 31,680. त्यावर महागाई दिलासा. निवृत्तीच्या वेळी जमेतली 60 टक्के रक्कम एकदम उचलली तर महिन्याला उरतात 12,672. तूट आधी भरून काढली तर 90 टक्क्यांची ही कात्री टळते.

प्रत्येक पूर्ण सहा महिन्यांच्या सेवेसाठी शेवटच्या बेसिक अधिक डीएचा दहावा भाग एकरकमी मिळतो, तो वेगळा. त्याने मासिक पेन्शन घटत नाही.

आता कामाचं. सीआरएच्या (पेन्शन खात्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेच्या) संकेतस्थळावरून व्यवहार विवरण काढा आणि पगारपत्रकाशी महिनावार ताडून बघा. बदलीच्या काळातले आणि नेमणुकीनंतरचे पहिले काही महिने हमखास गळालेले असतात. सापडलेले महिने लिहून आहरण व संवितरण अधिकाऱ्याला (कार्यालयातून तुमचा पगार काढणाऱ्याला) अर्ज द्या, पोच घ्या. हे निवृत्तीच्या वर्षात करू नका. तोवर जुनी पगारपत्रकं कुठल्या कपाटात आहेत, हे सांगणारा लिपिकही निवृत्त झालेला असतो.

या योजनेत केंद्राचा वाटा 14 वरून 18.5 टक्के झाला. त्यातले 8.5 टक्के सामाईक निधीत जातात. पगार आयोगाने बेसिक एकदम वाढवलं की हमीची रक्कमही उडी मारते, पण आधीची जमा जुन्याच बेसिकवरची असते. ती दरी या निधीने भरायची आणि निधी अपुरा पडला तर अर्थसंकल्पाने.

प्रश्न : सूतगिरणीत 1 सप्टेंबर 1996 ला लागलो, 31 ऑगस्ट 2026 ला 58 पूर्ण होतील. ईपीएस-95 चं (पीएफसोबतच्या कर्मचारी पेन्शन योजनेचं) गणित वेतन गुणिले सेवेची वर्षं भागिले 70 या सूत्राने 15,000 गुणिले 30 भागिले 70, म्हणजे 6,429 असं केलं होतं. पीएफ सल्लागार म्हणतो, एवढी बसणार नाही. (इचलकरंजी)

सल्लागार बरोबर सांगतोय. वेतनमर्यादा, म्हणजे ज्या वेतनापर्यंत पेन्शनची वर्गणी धरली जाते ती, 1 सप्टेंबर 2014 ला 6,500 वरून 15,000 झाली, पण आधीच्या सेवेला जुनीच मर्यादा लागते. तुमची 18 वर्षं 6,500 ने : 1,671. पुढची 12 वर्षं 15,000 ने : 2,571. एकूण 4,243 च्या आसपास. 20 वर्षं किंवा त्याहून जास्त सेवेसाठी मिळणारी 2 वाढीव वर्षं यात धरलेली नाहीत, ती लागली आहेत का ते पाहा. बिनपगारी दिवस मात्र वजा होतील.

चीड येणं साहजिक आहे. पण 6,500 वर वर्गणी घेऊन 15,000 वर पेन्शन दिली असती, तर निधीला तेव्हाच मोठं भगदाड पडलं असतं. 2014 मध्येच पेन्शनसाठी धरायची वेतनाची सरासरी 12 ऐवजी 60 महिन्यांची झाली. 2008 मध्ये पेन्शनचं अंशराशीकरण (तिचा काही भाग एकरकमी उचलण्याची सोय) बंद झालं आणि मुदतीआधी घेतलेल्या पेन्शनची कपात वर्षाला 4 टक्के झाली. दुरुस्त्या होतच आल्या आहेत, फक्त त्यांचे फलक लागत नाहीत.

प्रश्न : मग ईपीएस-95 ची किमान पेन्शन 1,000 वरून 7,500 का करत नाहीत? (बुलडाणा)

पेन्शनधारक साधारण 78 लाख. प्रत्येकाला 7,500 द्यायचे तर वर्षाला 70,200 कोटी लागतात. एका सदस्यामागे निधीत जास्तीत जास्त येतात महिन्याला 1,424 : मालकाचे 8.33 टक्के म्हणजे 1,250 आणि केंद्राचे 1.16 टक्के म्हणजे 174. म्हणजे पूर्ण मर्यादेवर वर्गणी भरणाऱ्या 4 कोटी 10 लाख लोकांचा सगळा पैसा आजच्या पेन्शनवरच खर्च होईल. त्यांच्या स्वतःच्या म्हातारपणासाठी एक पैसा उरणार नाही.

वर्गणी 8.33 वरून 10 टक्के करा, असं सुचवलं जातं. पण मालकाच्या 12 टक्क्यांपैकी पीएफमध्ये आज 3.67 जातात, ते 2 वर येतील. पैसा कामगाराच्याच एका खिशातून दुसऱ्यात जाईल. वेतनमर्यादा वाढवली की वर्गणी आज वाढते, पण वचनही तेवढंच वाढतं. त्याने जुनी तूट भरत नाही.

किमान पेन्शन वाढवावीच लागेल असं आमचं मत आहे. 6,500 वर 10 वर्षं काढलेल्याला सूत्राने 929 रुपये मिळतात, त्यात महिन्याचं औषधही येत नाही. पण ही वाढ निधीतून नको, थेट अर्थसंकल्पातून द्यावी, दरवर्षी वेगळ्या शीर्षाखाली दाखवून. आणि ती कमी सेवेच्या, कमी वेतनाच्या पेन्शनधारकांपासून सुरू करावी.