पावसाळी गटाराचे पैसे कोण देणार?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

अतिवृष्टी आणि भरतीचा तडाखा सोसतील अशी कामे शहरांत उभी करायची तर पैसा कुठून आणावा, कसा गुंतवावा आणि तो वाया का जातो, याविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. महापालिकांचे 'हरित रोखे' निघतात असे वाचते. मुदत ठेवीतले थोडे पैसे काढून त्यांत ठेवावेत का? आणि ते पैसे खरोखर पूर रोखायला वापरतात का? (सातारा)

उत्तर : हरित रोखे म्हणजे पर्यावरणाच्या कामांसाठी गुंतवणूकदारांकडून व्याजाने घेतलेले कर्ज. दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करू. गाझियाबादने २०२१ साली १५० कोटींचे हरित रोखे काढले. त्यांतून सांडपाणी शुद्ध करून कारखान्यांना विकण्याचा प्रकल्प उभारायचा होता. इंदूरने फेब्रुवारी २०२३ मध्ये २४४ कोटींचे रोखे काढले ते जलूद येथील ६० मेगावॉटच्या सौर प्रकल्पासाठी. नर्मदेचे पाणी उपसून शहरापर्यंत आणायला लागणाऱ्या विजेचे बिल त्यातून कमी व्हायचे होते. जून २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवडचे २०० कोटींचे हरित रोखे आले. त्यात पादचारी आणि सायकलींसाठीचा 'हरित सेतू' आणि टेल्को रस्त्याचे काम होते.

कामे चांगली आहेत, पण पुराशी त्यांचा थेट संबंध नाही. शुद्ध केलेले सांडपाणी विकले की पैसे येतात आणि सौर विजेमुळे बिल वाचते, म्हणून अशा कामांना कर्ज लवकर मिळते. पावसाळी गटाराला गिऱ्हाईक नसते. तुंबलेले पाणी वाहून नेल्याबद्दल कोणी पाणीपट्टी भरत नाही. म्हणून 'हरित' हा शब्द वाचून थांबू नका, माहितीपत्रकातले 'रकमेचा विनियोग' हे पान उघडून पाहा.

आता तुमच्या पैशांविषयी. पुणे महापालिकेचे २०१७ चे ७.५९ टक्क्यांचे २०० कोटींचे रोखे किंवा पिंपरी-चिंचवडचे वरचे रोखे मोठ्या संस्थांना खासगी पद्धतीने विकले गेले. सर्वसामान्यांसाठी खुली विक्री इंदूरने केली. किमान गुंतवणूक १० हजार रुपये, व्याज ८.२५ टक्के, दर सहा महिन्यांनी. मुद्दल चार समान हप्त्यांत म्हणजे ३, ५, ७ आणि ९ वर्षांनी परत मिळते. १० हजार ठेवले तर त्या त्या वर्षी अडीच-अडीच हजार हाती येतात.

अशी खुली विक्री पुन्हा निघाली तर चार गोष्टी तपासा. एक, पतमानांकन, म्हणजे कर्ज फेडण्याच्या ऐपतीला मिळालेली श्रेणी. दुसरी आमच्या मते सर्वांत महत्त्वाची : घरपट्टी-पाणीपट्टीचे कोणते उत्पन्न वेगळ्या एस्क्रो खात्यात (फक्त कर्जफेडीसाठी राखलेल्या खात्यात) आधी जमा होते आणि पुढच्या हप्त्याची रक्कम किती महिने आधी बाजूला पडते. तुमचे पैसे सौर पॅनेल फेडत नाही, घरपट्टी फेडते. 'हरित' शिक्का पैसा कुठे खर्च होणार ते सांगतो, बुडणार नाही याची हमी देत नाही. तिसरी गोष्ट कराची. व्याज करमुक्त आहे असे पत्रकात स्पष्ट लिहिलेले नसेल तर ते तुमच्या उत्पन्नात धरले जाईल. चौथी म्हणजे विक्री. शेअर बाजारात नोंद असली तरी या रोख्यांचे व्यवहार तुरळक होतात, त्यामुळे अचानक गरज पडली तर चांगला भाव मिळेलच असे नाही. दवाखान्यासाठी राखलेले पैसे यात घालू नका.

प्रश्न : आमची नगरपरिषद लहान आहे. दोन नाले दरवर्षी गावात घुसतात. रोखे काढण्याइतकी आमची ऐपत नाही. मग पैसा आणायचा कुठून? (एक नगरसेवक, पश्चिम महाराष्ट्र)

उत्तर : एकट्याने रोखे काढणे तुम्हाला परवडणार नाही हे खरे. पतमानांकन, विश्वस्त, कायदेशीर सल्ला, नोंदणी हा खर्च २० कोटींच्या कर्जालाही जवळपास तेवढाच येतो जेवढा २०० कोटींच्या. यावर तामिळनाडूने जुना आणि उपयोगी तोडगा काढला. १३ लहान नागरी संस्थांना एकत्र करून २००३ च्या सुमारास एका सामायिक निधीमार्फत सुमारे ३० कोटींचे १५ वर्षांचे रोखे काढले. एकाचा हप्ता चुकला तर तो राज्याकडून मिळणाऱ्या निधीतून वळता करण्याची सोय होती आणि निम्म्या मुद्दलाला बाहेरच्या संस्थेची हमी होती. ही व्यवस्था राज्य पातळीवर उभी राहावी लागते. तुम्ही शेजारच्या नगरपरिषदांसह तशी मागणी करू शकता.

तोवर तुमच्या हातात चतुर्थ वार्षिक कर मूल्यांकन, म्हणजे दर चार वर्षांनी करायची घरपट्टीची फेरआकारणी आहे. अनेक ठिकाणी ते रखडते, वाढीव मजले आणि नवी दुकाने जुन्याच आकारणीवर राहतात. पंधराव्या वित्त आयोगाने शहरांच्या अनुदानाला दोन अटी घातल्या होत्या : लेखे जाहीर करा आणि मालमत्ता कराचा किमान दर ठरवा. कर्ज देणारी कोणतीही संस्था सर्वांत आधी हेच कागद मागते.

दुसरे काम पातळ्यांच्या मोजणीचे. नाल्याच्या उगमापासून नदीपर्यंत दर २५ मीटरवर तळाची आणि काठाची उंची घ्या, प्रत्येक मोरीची (रस्त्याखालून पाणी जाण्याच्या वाटेची) रुंदी-उंची लिहा, आडव्या गेलेल्या जलवाहिन्या आणि केबल नोंदवा. बऱ्याचदा १० मीटर रुंद नाल्यावर मधेच ३ मीटरची मोरी सापडते आणि सगळे पाणी तिथेच अडते. दोन्ही काठांना काँक्रीटची भिंत बांधण्याचा कोट्यवधींचा प्रस्ताव येतो तेव्हा त्यात ही मोरी जशीच्या तशी असते. आधी मोरी मोठी करा. भिंत बांधायचीच असेल तर गाळ काढायला पोकलेन खाली उतरेल असा उतार दर काही अंतरावर ठेवा, नाहीतर दोन पावसाळ्यांत नाला भरतो आणि मशीन आत जाऊ शकत नाही.

प्रश्न : 'जास्तीचा फक्त ३ टक्के खर्च करा, चौपट फायदा मिळवा' असे जागतिक बँकेच्या अहवालाचा हवाला देऊन सांगितले जाते. आमच्या शहराच्या प्रकल्प अहवालात हे वाक्य घालावे का? (स्थापत्य अभियंता, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : घालू नका. तो आकडा २०१९ च्या अहवालातला आहे आणि त्याची व्याप्ती वेगळी आहे. अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या सगळ्या देशांतली वीज, पाणी, वाहतुकीची नवी कामे एकत्र धरली, त्यांतली धोक्याच्या जागी असलेलीच नेमकी मजबूत केली, तर एकूण गुंतवणुकीत सुमारे ३ टक्क्यांची भर पडते. धोका कुठे आहे हे माहीत नसताना सरसकट सगळेच मजबूत करायला गेले तर हा जादा खर्च जवळपास दसपट होतो, हेही त्याच अहवालात आहे. तुमचा प्रकल्प जुन्या वस्तीतले गटार उखडून मोठे करण्याचा असेल तर ३ टक्के हा आकडा त्याला लागूच पडत नाही.

आपल्या शहराचा हिशेब आपण करायचा. पद्धत अवघड नाही. पुढचे आकडे केवळ नमुन्यासाठी आहेत. समजा, २ वर्षांतून एकदा येणाऱ्या पावसात नुकसान शून्य, ५ वर्षांतून एकदाच्या पावसात ३ कोटी, १० वर्षांतून एकदाच्या पावसात ८ कोटी आणि २५ वर्षांतून एकदाच्या पावसात २० कोटी. यांच्या वार्षिक शक्यता ०.५, ०.२, ०.१ आणि ०.०४. लगतच्या दोन शक्यतांमधला फरक घ्या आणि त्याला दोन नुकसानींच्या सरासरीने गुणा. ०.३ गुणिले दीड कोटी म्हणजे ०.४५, ०.१ गुणिले साडेपाच म्हणजे ०.५५, ०.०६ गुणिले १४ म्हणजे ०.८४. त्याहून मोठ्या पावसासाठी ०.०४ गुणिले २० म्हणजे ०.८०. बेरीज २.६४ कोटी. हे दरवर्षीचे सरासरी नुकसान.

नवे गटार १० वर्षांतून एकदाचा पाऊस पेलते आणि २५ वर्षांतून एकदाचे नुकसान १० कोटींवर आणते असे धरा. मग उरलेले सरासरी नुकसान ०.७० कोटी आणि वर्षाची बचत १.९४ कोटी. २५ वर्षांची बचत ८ टक्के दराने आजच्या किमतीत आणायला १०.६७५ ने गुणा. येतात सुमारे २०.७ कोटी. बांधकाम १५ कोटींचे असेल तर फायदा आणि खर्चाचे गुणोत्तर १.३८, म्हणजे प्रकल्प उत्तम. पण गाळ काढणे, जाळ्या बदलणे, पंपांची वीज यांचे वर्षाला ४० लाख धरले की आणखी ४.२७ कोटी खर्चाच्या बाजूला येतात आणि गुणोत्तर १.०७ वर उतरते. आमच्या मते प्रकल्प अहवालांत सर्वांत जास्त फसगत याच जागी होते. देखभालीचा रकाना रिकामा ठेवला की कागदावर सगळे फायद्यात दिसते आणि तिसऱ्या वर्षी गटार मातीने भरलेले असते.

आणखी एक दक्षता घ्यावी अशी आमची कळकळीची विनंती आहे. नुकसान फक्त मालाच्या किमतीत मोजले तर बाजारपेठेतल्या तळघराचे पारडे झोपडपट्टीतल्या दोनशे घरांपेक्षा जड होते. म्हणून बुडालेला रोजगार, शाळेचे बुडालेले दिवस आणि आजारपणाचा खर्च घरोघर विचारून हिशेबात घ्या.

प्रश्न : मुंबईत एवढी पंपिंग स्टेशने झाली, तरी आमच्या भागात पाणी तुंबतेच. मग गुंतवणूक चुकली का? (परळ)

उत्तर : चुकली नाही, अपुरी आहे. मुंबईचे जुने जाळे तासाला २५ मिलिमीटर पावसासाठी, तेही ओहोटी असताना, पुरेसे धरले होते. पावसाळी गटारे सुधारण्याच्या 'ब्रिमस्टोवॅड' आराखड्याने ते ५० मिलिमीटरवर न्यायचे ठरवले. गटारांच्या समुद्रात आणि खाड्यांत उघडणाऱ्या १८६ मुखांपैकी ४५ सरासरी समुद्रपातळीच्या खाली आहेत, १३५ भरतीच्या पातळीखाली आणि फक्त ६ तिच्या वर. म्हणजे भरतीला पाणी आपोआप बाहेर जात नाही. हाजी अली, क्लीव्हलँड बंदर, लव्हग्रोव्ह येथली पंपिंग स्टेशने त्यासाठी आहेत.

एक गणित पाहा. १० हेक्टरच्या बशीसारख्या सखल भागात ९० टक्के पाणी वाहून येते असे धरले तर ५० मिलिमीटर पावसाला सेकंदाला १.२५ घनमीटर पाणी गटारातून गेले पाहिजे. ते ५ मीटर वर उचलायला ७५ टक्के कार्यक्षमतेचा पंप सुमारे ८२ किलोवॉट वीज घेतो. पाऊस तासाला ७५ मिलिमीटर झाला तर वरचे २५ मिलिमीटर, म्हणजे एका तासात २,२५० घनमीटर किंवा साडेबावीस लाख लिटर पाणी रस्त्यावर राहते. परळ-दादरजवळच्या हिंदमाता परिसराचे पाणी साठवायला प्रमोद महाजन उद्यानात आणि सेंट झेवियर्स मैदानात भूमिगत टाक्या केल्या त्या याच कारणासाठी. भरती सरेपर्यंत पाणी धरायचे, ओहोटीला सोडायचे. पण टाकी पुढच्या सरीआधी रिकामी झाली पाहिजे. हे साडेबावीस लाख लिटर धरणारी टाकी ४ तासांत उपसायची तर सेकंदाला १५६ लिटरचा पंप लागतो, आणि तेवढ्याच क्षमतेचा दुसरा राखीव.

तुमच्या गल्लीत मात्र अडचण बहुधा याहून लहान असते. पाणी पंपापर्यंत पोहोचतच नाही. रस्त्यावर डांबराचे थर चढत जातात आणि जाळ्या खड्ड्यात जातात, किंवा फुटपाथ उंच होऊन इमारतीचे अंगण खाली राहते. पाऊस सुरू झाल्यावर पाणी जाळीपाशी गोल फिरते की दुसरीकडून वाहून जाते ते पाहा आणि तसा व्हिडिओ वेळ आणि भरतीच्या नोंदीसह वॉर्ड कार्यालयात द्या. पाणी सर थांबल्यावर अर्ध्या तासात उतरत असेल तर जाळ्या आणि जोडगटारे कमी पडतात. ओहोटी लागल्यावरच उतरत असेल तर दोष मुखाशी आहे : एक तर पंप कमी, नाहीतर भरतीचे पाणी अडवणाऱ्या झडपेत कचरा अडकून ती उघडी राहिलेली.

प्रश्न : आमच्या राजधानीत, पोर्ट लुईमध्ये, ३० मार्च २०१३ च्या पुरात ११ माणसे गेली. जानेवारी २०२४ मध्ये बेलाल चक्रीवादळात शहर पुन्हा पाण्याखाली गेले. आमच्यासारख्या छोट्या बेटाने आधी कशावर खर्च करावा? (क्वात्र बोर्न, मॉरिशस)

उत्तर : तुमच्याकडे मुंबईपेक्षा वेळ कमी मिळतो. २०१३ साली दोन तासांहून कमी वेळात सुमारे १५२ मिलिमीटर पाऊस पडला. मागे डोंगर, पुढे बंदर आणि मधे जेमतेम काही किलोमीटर. पाणी सेकंदाला दीड मीटर वेगाने आले तरी २ किलोमीटर अंतर २२ मिनिटांत कापते. अशा ठिकाणी बंदराशी मोठे पंप बसवण्याआधी डोंगरपायथ्याला आडवा चर काढून पाणी वस्तीच्या बाजूने वळवावे. चराच्या तोंडाशी दगड-झाडोरा अडवणारी जाळी आणि गाळकुंड हवेच, नाहीतर पहिल्याच वादळात चर भरून पाणी घरांवर येते. २०१७ च्या कायद्याने लँड ड्रेनेज अथॉरिटी (पाण्याच्या निचऱ्याचे प्राधिकरण) स्थापन झाली आहे. वरच्या उतारावर नवे बांधकाम मंजूर करताना तिथले जादा पाणी तिथेच साठवण्याची अट घालायला लावणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

दुसरा खर्च भुयारी रस्ते आणि तळघरातल्या वाहनतळांवर. यात रक्कम लहान आणि जीव वाचण्याची शक्यता मोठी. रस्त्यावर १५ सेंटिमीटर पाणी चढताच लाल दिवा लागून फाटक आपोआप पडेल असा पातळीदर्शक बसवा. साधारण ३० सेंटिमीटर पाण्यात लहान गाडी तरंगू लागते, म्हणून मधले १५ सेंटिमीटर म्हणजे लोकांना मागे फिरायला मिळणारी मिनिटे. फाटकाला स्वतःची बॅटरी हवी. पंपाचे नियंत्रण पॅनेल भुयाराच्या तळाशी ठेवण्याची चूक अनेक ठिकाणी होते आणि पाणी चढल्यावर सर्वांत आधी तेच बंद पडते. ते पुराच्या ज्ञात पातळीच्या किमान एक मीटर वर, रस्त्याच्या काठाला हलवून घ्या. बाहेर पडायचा जिना पाण्याच्या येण्याच्या दिशेच्या विरुद्ध टोकाला आहे का, तेही त्याच वेळी तपासा.