डॉकर बिल्डमध्ये स्क्रिप्टने फाइल बदलली, तरी कंटेनरात जुनीच दिसते. काहून?

प्रश्न थोडक्यात: जिनिंगच्या वजनकाट्याच्या सॉफ्टवेअरची डॉकर इमेज, म्हणजे सॉफ्टवेअर आणि त्याला लागणाऱ्या सगळ्या फाइलींचं बांधलेलं गाठोडं, बनवतो (ते चालू केलं की कंटेनर). इमेज बांधताना, म्हणजे बिल्डमध्ये, एक स्क्रिप्ट सेड (मजकूर शोधून बदलणारी कमांड) वापरून कॉन्फिगमधली ओलाव्याची मर्यादा ८ ची १२ करते. बिल्ड होते, पण कंटेनर चालू केला की ८ च. नो-कॅश लावलं, म्हणजे आधीचं साठवलेलं न वापरता सगळं नव्याने बांधलं, तर गावातल्या नेटवर अख्खी दुपार जाते.

भाऊ, नो-कॅशच्या नादी लागू नका. आधी हे बघा, की फाइल इमेजमध्येच जुनी आहे, की इमेजमध्ये नवी असून वरून तिला कोणी झाकतंय. कंपोज (कंटेनर ठरलेल्या जोडण्यांसह चालू करणारं साधन) बाजूला ठेवा. एकही व्हॉल्यूम (कंटेनरला बाहेरून जोडलेली साठवण) न जोडता नुसती इमेज चालवा, एंट्रीपॉइंटच्या, म्हणजे सुरू होताना चालणाऱ्या कमांडच्या, जागी कॅट ही फाइल दाखवणारी कमांड द्या आणि ती फाइल छापा. याला नेट लागत नाही.

१२ छापून आलं, तर तुमची स्क्रिप्ट बरोबर आहे. नाव दिलेल्या व्हॉल्यूममध्ये डॉकर इमेजमधल्या फाइली भरतो, पण तो रिकामा असेल तेव्हाच. पुढे इमेज कितीदाही बदला, व्हॉल्यूममधली पहिली प्रत तशीच राहते. व्हॉल्यूम उडवला की प्रश्न सुटतो, पण काट्याच्या पावत्यांचा डेटाबेस त्यातच असेल तर हंगामाचा हिशेबही जाईल. म्हणून कॉन्फिग आणि डेटा एका व्हॉल्यूममध्ये ठेवूच नये. होस्टचं, म्हणजे ज्या मशीनवर डॉकर चालतो तिचं, फोल्डर जोडलं असेल, तर होस्टवरचीच फाइल दिसणार.

८ च छापून आलं, तर माझा पहिला संशय सेडवर. शोधलेला मजकूर सापडला नाही तरी सेड ती चूक मानत नाही, गुपचूप शून्य परत करतो आणि डॉकर पुढची पायरी चढतो. जिनिंगवाल्यांकडे कॉन्फिग बहुतेक मुनीमजींच्या विंडोजवर, नोटपॅडमध्ये लिहिलेली असते. अशा फाइलीत ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न हे न दिसणारं चिन्ह असतं. तुमच्या पॅटर्नमध्ये ८ नंतर लगेच ओळ संपल्याचं डॉलरचं चिन्ह असेल, तर तो कधीच जुळणार नाही. कॅटला कॅपिटल ए चा पर्याय देऊन फाइल बघा. ओळीच्या शेवटी दिसणाऱ्या डॉलरच्या आधी ‘^एम’ दिसलं की समजा तेच आहे. आधी ते चिन्ह सेडनेच काढा, मग आकडा बदला. स्क्रिप्टच विंडोजवर लिहिली असेल तर आणखी गंमत: फाइल समोर असून डॉकर म्हणतो, अशी फाइलच नाही.

आणि डॉकरफाइलमधल्या (बिल्डच्या पायऱ्यांची फाइल) ज्या रन ओळीत हे चालतं, त्याच ओळीत सेडनंतर दोन अँपरसँड लावून ग्रेप या शोधणाऱ्या कमांडने नवी ओळ शोधा. सापडली नाही तर बिल्ड तिथेच पडेल. पडू द्या, काट्यावर गाड्यांची रांग लागलेली असताना कळण्यापेक्षा बरं. स्क्रिप्टच्या सुरुवातीला ‘सेट -ई’ही (कमांड फसली की तिथेच थांब) हवंच, नाहीतर मधली कमांड फसली तरी शेवटची बरोबर चालली म्हणून सगळं ठीक धरलं जातं.

ग्रेप पास होऊनही ८ दिसत असेल, तर स्क्रिप्टच्या खाली पूर्ण फोल्डर आणणारी कॉपी ओळ आहे का बघा. ती जुनी फाइल परत वर टाकते. बेस इमेजने, म्हणजे ज्या इमेजवर तुमची बांधली तिने, तोच फोल्डर व्हॉल्यूम म्हणून जाहीर केला असेल, तर जुना बिल्डर त्यानंतरचे बदल टाकून देतो. बिल्डकिट हा नवा बिल्डर ते ठेवतो, आणि लिनक्सवर डॉकर इंजिन २३.० पासून काही न सांगता तोच वापरला जातो.

नेटचं म्हणाल तर पॅकेज उतरवणारी ओळ वर आणि स्क्रिप्टची कॉपी व रन खाली ठेवा. स्क्रिप्ट बदलली की कॉपीचा चेकसम (फाइल बदलली का हे ओळखायचा आकडा) बदलतो आणि तिथून खालचंच परत बनतं, पॅकेजेस कॅशमधून येतात.

मर्यादा बिल्डमध्ये भरलेली चालेल. कापसाचा भाव मात्र भरू नका, तो सकाळ-संध्याकाळ हलतो. तो एन्व्हायर्नमेंटमधून, म्हणजे कंटेनर चालू करताना दिलेल्या मूल्यांतून, घेऊन एंट्रीपॉइंट स्क्रिप्टने सुरू होताना लिहावा. डेटाबेसचा पासवर्ड तर स्क्रिप्टने फाइलीत लिहूच नका, पुढच्या रनमध्ये पुसला तरी आधीच्या पायरीने इमेजमध्ये जमलेल्या थरात, म्हणजे लेयरमध्ये, तो राहतोच.