साठेखत करून दिलं, विसार घेतला, आता मालक खरेदीखत करून देत नाही. काय करू?

तुम्ही लिहिलंय की दोन वर्षांपूर्वी शेतजमिनीचं साठेखत नोटरीकडे झालं, पाच लाख विसार दिला, सहा महिन्यांत खरेदीखत व्हायचं होतं, आणि आता भाव वाढल्यावर मालक दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलतोय. मी दिवाणी दावे चालवतो. माझं पहिलं सांगणं हेच की थांबू नका.

साठेखत म्हणजे पुढे जमीन विकण्याचा करार; त्याने जमीन तुमची होत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५४ प्रमाणे त्याने फक्त खरेदीखत मागण्याचा हक्क मिळतो, आणि त्या हक्कासाठी दावा लावायला मुदत आहे. करारात तारीख ठरलेली असेल तर त्या तारखेपासून तीन वर्षं. ठरलेली नसेल तर मालकाने नकार दिल्याचं तुम्हाला कळलं तेव्हापासून. तुमचे सहा महिने संपून दीड वर्ष झालं, म्हणजे निम्मी मुदत गेली. ‘दिवाळीनंतर करू’, ‘भाऊ मुंबईहून आला की करू’ असल्या तोंडी वायद्यांवर विसंबून मुदत घालवलेले लोक मी पाहिलेत, आणि फार वाईट वाटतं. नोटिसा पाठवत राहिल्यानेही मुदत वाढत नाही.

दुसरी गोष्ट पैशाची. अशा दाव्यांचा निकाल बहुतेक वेळा इथेच लागतो. स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्ट, १९६३ च्या कलम १६ नुसार उरलेली रक्कम देऊन खरेदीखत करून घ्यायला तुम्ही पहिल्यापासून तयार होतात आणि तशी तुमची इच्छाही होती, हे तुम्हालाच सिद्ध करावं लागतं. कोर्टाने सांगितल्याशिवाय पैसे जमा करायची गरज नाही, पण ते उभे करण्याची ताकद दिसली पाहिजे. बँकेचं पासबुक, मुदत ठेव, कर्जमंजुरीचं पत्र, त्या काळातलं जे असेल ते काढा. उलटतपासणीत ‘पैसे घरात होते’ एवढंच उत्तर आलं की दावा डळमळतो. आणि तुम्ही दुय्यम निबंधक कार्यालयात यायला तयार असल्याची लेखी नोटीस अजून दिली नसेल, तर स्पीड पोस्टाने याच आठवड्यात द्या.

पूर्वी मालकाला खरेदीखत करून द्यायला लावणं न्यायाधीशांच्या मर्जीवर होतं. १ ऑक्टोबर २०१८ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने ती मर्जी बरीचशी काढून घेतली. ‘आता भाव दुप्पट झालाय’ ही मालकाची तक्रार त्यामुळे पूर्वीइतकी चालत नाही, पण तुमची तयारी सिद्ध करण्याचं ओझं तसंच राहिलं.

साठेखत नोंदणीकृत नाही म्हणून घाबरू नका. नोंदणी कायद्याच्या कलम ४९ चा अपवाद असं कागदपत्र करारपूर्तीच्या, म्हणजे खरेदीखत करून मागण्याच्या, दाव्यात पुरावा म्हणून येऊ देतो. मुद्रांक कमी असेल तर तूट आणि दंड भरावा लागेल.

खरा धोका त्या दुसऱ्या गिऱ्हाइकाचा आहे. तुमच्या साठेखताची माहिती नसताना त्याने पूर्ण मोबदला देऊन प्रामाणिकपणे जमीन घेतली, तर त्याच्याविरुद्ध तुम्हाला पूर्तता मिळत नाही. म्हणून दाव्याबरोबरच जमीन विकण्यास मनाई हुकूम मागा. आणि महाराष्ट्रात एक गोष्ट हमखास राहून जाते: दावा चालू असल्याची नोटीस, म्हणजे लिस पेंडन्स, दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. दावा चालू असताना जमीन घेणाऱ्यालाही निकाल बांधील राहतो, असं मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५२ सांगतं; पण इथल्या दुरुस्तीमुळे नोटीस नोंदवल्याशिवाय नंतरच्या खरेदीदाराला ते लावता येत नाही.

दाव्यात पर्यायी मागणी म्हणून विसार व्याजासह परत मागायला विसरू नका. मागितलाच नाही तर कोर्ट तो आपणहून देत नाही. ताबा तुमच्याकडे नाही, तेव्हा तोही स्पष्ट मागा.

वकिलाकडे जाण्याआधी ताजा सातबारा काढा. जमीन भोगवटादार वर्ग २ ची, म्हणजे विकण्यावर सरकारी बंधन असलेली, असेल, किंवा तुम्ही स्वतः शेतकरी नसाल, तर परवानगीचा प्रश्न येईल आणि दाव्याची मांडणी बदलेल. तुम्ही शेतकरी आहात का, आणि विसार रोख दिला की चेकने, हे प्रश्नात लिहिलेलं नाही. ते कळवलंत तर पुढचं सांगता येईल.